सी ड्राइव्हमधला अंतरपाट

१

"शंभरदा सांगितलं, स्टूल हलवू नका. पण ऐकतंय कोण! भिंतीला सांगितलं असतं, तर भिंतीनं तरी मान हलवली असती."

अल्मास हे कुणाला म्हणत नव्हती. हातातल्या चहाच्या गाळणीला म्हणत होती. पण ज्ञानेश्वरीबाई तिच्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या, म्हणून त्यांच्या कानावर पडलं. अल्मासनं गाळणी ठेवली, दाराकडे सरकलेलं लाकडी स्टूल उचललं आणि कापड कापायच्या टेबलाशेजारी नेलं. तेवढ्यानं तिचं समाधान होईना. पायानं ढकलत ढकलत ते फरशीवरच्या जुन्या डागांवर नेमकं बसवलं, तेव्हा कुठे ती चहाकडे वळली.

बाईंना कौतुक वाटलं. त्यांच्या घरात स्टूलच काय, नवरासुद्धा ठेवल्या जागी कधी सापडत नसे.

ज्ञानेश्वरीबाई म्हणजे राहुरीतल्या टायपिंगच्या बाई. आधी टाइपरायटरवर आणि मग कॉम्प्युटरवर त्यांनी अर्ध्या गावाची बोटं वळवली होती. चेहरा विसरेन, पण बोटं विसरणार नाही, असं त्या म्हणत. कोण बघून टाइप करतो, कोण न बघता, कोण स्वतः चुकून बटणांवर राग काढतो, सगळं त्यांच्या ध्यानात असे. त्यामुळे कॉम्प्युटर अडला की लोक त्यांना बोलवत, आणि हळूहळू कॉम्प्युटर नसलेल्या भानगडींतही बोलवायला लागले होते.

आज सकाळी फैयाजचा फोन आला होता. "बाई, क्लास सोडा आन् या. चोरी झालीय."

स्टँडमागच्या गल्लीतलं 'मेहताब एम्ब्रॉयडरी' हे दुकान फैयाजच्या वडिलांनी, म्हणजे अल्मासच्या सासऱ्यांनी, महमूदचाचांनी, बायकोच्या नावानं काढलेलं. मेहताबचाची गेल्या, पाटीवर राहिल्या. चाचा आधी हातानं जरीकाम करायचे. मशीन आलं तेव्हा वय झालं होतं, तरी हट्टानं कॉम्प्युटर शिकले. ते पडद्यावर नक्षी काढत, मशीन ती कापडावर भरे. त्यांच्या अंतरपाटांना तर लांबून गिऱ्हाईक येई. आजकाल साध्या अंतरपाटावर लग्न लावायला कुणी तयार नसतं. नावं लागतात, मोर लागतात, जमलं तर नवरदेवाचा ट्रॅक्टरही.

त्यातलंच एक गिऱ्हाईक दुकानातल्या एकमेव चांगल्या खुर्चीत ठाण मांडून बसलं होतं. छबूबाई. त्यांच्या नातीचं, धनश्रीचं, लग्न रविवारी होतं. नवरदेव श्रीगोंद्याचा.

"मी हितनं हलायची न्हाई," छबूबाईंनी बाईंना सांगितलं. "या बाजूला आपल्या मुळा धरनाचं पानी, त्या बाजूला त्यांचा ऊस, मधी पोरांची नावं. येवढंच सांगितलं हुतं. पानी उसाला लागलं की बास, संसार झाला! तर हे म्हनत्यात, धरनच गायब हाय."

कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारावर फैयाजनं शिंप्याच्या पिवळ्या टेपा आडव्यातिडव्या बांधल्या होत्या. टेपांच्या मागे, दाराच्या फळीवर, नेत्रतपासणी शिबिराचा एक कागद चिकटवलेला होता. तसाच एक काउंटरच्या काचेखालीही होता.

"पुराव्याला हात लागू नये म्हनून टेपा बांधल्यात," फैयाज म्हणाला. खोलीची किल्ली त्याच्या खिशात होती आणि खिशावर त्याचा हात.

"मिळंल रे," मशीनच्या बाजूनं महमूदचाचांचा शांत आवाज आला. "घाई कशापायी करतो? मला घटकाभर आत बसू दे फकस्त. एकट्याला."

"अब्बा, पुरावा हाय तो!"

चाचांनी सुस्कारा सोडला.

"बाई, शनिवारी अब्बांनी छबूबाईंना फोन करून सांगितलं की डिझाईन पुरं झालं. छबूबाई उद्या मंगळवारी येनार हुत्या, आजच आल्या. मी दाखवायला गेलो तर फाईल न्हाई. बरं, नुसती फाईल गेली असती तर मी तुमाला बोलवलं नसतं." फैयाज बाईंच्या कानाशी वाकला. "चोरानं आख्खा सी ड्राइव्हच नेलाय."

२

बाईंना हसू आवरेना, कारण या चोरीत एक आरोपी त्या स्वतः होत्या.

"फैयाज, या कॉम्प्युटरमध्ये सी ड्राइव्ह कधी नव्हताच."

"असं कसं? प्रोग्रॅममधून तर रोज तिथंच सेव्ह करतो आमी!"

"प्रोग्रॅमला तसं वाटतं. आपण तसं वाटू देतो."

छबूबाई पुढे सरकल्या. दुसऱ्याच्या घरातलं काहीतरी कळणार, असा त्यांना वास आला होता.

"बघा," बाई म्हणाल्या. "यांचा नक्षीचा प्रोग्रॅम जुन्या विंडोजवरचा. जुना कॉम्प्युटर विजेच्या झटक्यात गेला. नवा आणला, तर नव्या विंडोजनं प्रोग्रॅमला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. नवा प्रोग्रॅम घ्यावा, तर चाचांची आजवरची डिझाइनं त्यात उघडेनात. मग विंडोजच्या जागी मी लिनक्स घातलं. ते घरच वेगळं. भाषा वेगळी, रीत वेगळी. म्हणून मध्ये एक दुभाषा बसवला."

त्या दुभाष्याचं नाव वाईन आहे असं बाईंनी तेव्हा सांगितलं होतं, तर फैयाजनं आधी दुकानाचं दार लोटून घेतलं होतं.

"प्रोग्रॅम म्हणतो, हे सी ड्राइव्हमध्ये ठेव. दुभाषा म्हणतो, ठेवलं. आणि मागच्या बाजूला एका झाकलेल्या कप्प्यात ठेवतो. तुम्ही बाहेरून शोधलंत तर दिसणार कसं? सासरी आलेल्या पोरीला एक खोली हुबेहूब माहेरासारखी मांडून द्यावी, तसं आहे हे. तीच फडताळं, तीच पेटी. तिला वाटतं आपण माहेरीच आहोत. ती गुण्यागोविंदानं कामाला लागते."

"आन् तिला कळलं मंग?" छबूबाईंनी विचारलं.

"कळलं तरी काय बिघडलं? काम तर चाललंय."

"म्हंजी समद्यांनाच ठावं असतंय, पन बोलत कुनीच न्हाई," छबूबाईंनी मान डोलावली. "आमच्याकडं बी असंच चालतंय."

मशीनच्या बाजूला कुणाच्या तरी हातून रीळ खाली पडलं आणि घरंगळत गेलं.

बाई टेपांखालून वाकून आत शिरल्या. की-बोर्डवर चमकी टिकल्या होत्या. बाईंनी फुंकर मारली. काही उडाल्या, काही नाही. त्यात नवल नव्हतं. या दुकानात टिकल्या चहातही सापडत, आणि बाईंच्या केसात तर आल्याआल्या एक जाऊन बसली होती. त्यांनी 'कारखाना' नावाचं रोजचं खातं उघडलं, दुभाष्याचा झाकलेला कप्पा उघडला आणि आतला सी ड्राइव्ह फैयाजला दाखवला.

"हा घ्या तुमचा चोरीला गेलेला ड्राइव्ह."

फैयाजचा जीव भांड्यात पडला. आत सगळं जागच्या जागी होतं. जुने मोर, कलश, कुणाचा ट्रॅक्टर. बाई खाली खाली जात राहिल्या. मग पुन्हा वर आल्या. त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

धरण नव्हतं. ऊस नव्हता. धनश्रीच्या अंतरपाटाचा मागमूसही नव्हता.

"म्हंजे फाईल खरंच गेली," फैयाज म्हणाला. "मंग ती कुनी नेली हे मला म्हाईत हाय."

आणि त्यानं मशीनशी सुईत दोरा ओवत बसलेल्या स्नेहलकडे पाहिलं.

३

स्नेहल देवळालीहून एसटीनं यायची. बाईंच्या क्लासची सगळ्यात तयार विद्यार्थिनी. डोळे मिटून टाइप करायची आणि वर गप्पाही मारायची. गेल्या दिवाळीपासून ती इथलं मशीन चालवत होती, पण तिचा जीव कॉम्प्युटरवर. चाचांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, 'हा अंतरपाट झाला की कॉम्प्युटर तुझा, पोरी.'

फैयाजचा आरोप सरळ होता. शुक्रवारी चाचांनी अंतरपाटाचा नुसता एक कोपरा पेनड्राइव्हवर घालून स्नेहलकडे दिला होता, चाचणीसाठी. तिनं तो भरला. आणि त्याच दुपारी ती समोरच्या गोरक्षनाथच्या दुकानातून बाहेर पडताना दिसली. गोरक्षनाथही एम्ब्रॉयडरीवालाच. स्नेहलला आपल्याकडे ओढायला तो केव्हाचा टपलेला.

"संध्याकाळपत्तुर फाईल आली न्हाई, तर उद्यापास्नं येऊ नको," फैयाज म्हणाला. "का येत न्हाईस, ते गाव इचारंलच."

गाव विचारणार होतं. आणि उत्तर मिळालं नाही तर स्वतःच तयार करणार होतं. 'फाईल चोरली' एवढे दोन शब्द स्टँडवर पोहोचले, की स्नेहलला राहुरीतच काय, देवळालीतही कुणी कॉम्प्युटरला हात लावू दिला नसता.

बाईंनी फैयाजला चहाला पिटाळलं आणि मशीनशेजारी बसल्या.

"शुक्रवारी गोरक्षनाथकडे कशाला गेलीस?"

"असंच."

"दुपारी तुम्ही सगळे जेवायला बसता, तेव्हा कॉम्प्युटरवर कोण असतं?"

"कुणी न्हाई," स्नेहल म्हणाली. प्रश्न संपायच्या आत म्हणाली.

बाई तिच्या बोटांकडे पाहत होत्या. की-बोर्डवर कधी न चुकणारी बोटं सुईच्या नाकाभोवती नुसती घिरट्या घालत होती.

चाचणीचा तुकडा टेबलावर पडला होता. धरणाच्या पाण्याचा कोपरा. निळा, थंड, बघत राहावा असा. मशीनवर अजून तेच निळं रीळ होतं आणि त्याच्या बुडाला गोरक्षनाथच्या दुकानाचं लेबल. शेजारी या दुकानातलं दुसरं रीळ काढून ठेवलेलं होतं. भडक जांभळं.

"हे का काढलं?"

स्नेहलनं जांभळं रीळ झटकन खणात टाकलं. "चुकून लागलं हुतं."

"कुणाच्या चुकीनं?"

स्नेहल पुन्हा सुईकडे वळली. रिळांच्या मांडणीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, एक कागद दोऱ्यानं बांधलेला होता. नेत्रतपासणी शिबिर. बाईंना वाटलं, या दुकानात शिबिराची जरा जास्तच जाहिरात चाललीय.

"हा कुणी लावला?"

"मीच. माझ्या आईसाठी. इसरू नये म्हणून."

स्नेहलची आई लांबून येणाऱ्या एसटीची पाटी ड्रायव्हरच्या आधी वाचते, हे बाईंना माहीत होतं.

"स्नेहल, सरळ विचारते. फाईल तू घेतलीस?"

तिनं मान वर केली. डोळे भरलेले, पण आवाज पक्का.

"तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा, बाई. फक्त चाचांना यातलं काही विचारू नका. तेवढं करा माझ्यासाठी."

४

गोरक्षनाथचं दुकान नवंकोरं होतं. काचेचं दार, गार हवा आणि भिंतीएवढा टीव्ही.

"मी चोरीन? बाई, तुमच्याच क्लासमधला मी!" तो खो खो हसला. "अहो, त्या फाईलचं मी करू काय, लोणचं? चाचांचा प्रोग्रॅम जुना, माझा नवा. त्यांची एक फाईल मागं मी उघडून बघितली हुती. माझ्या सॉफ्टवेअरनं असं तोंड फिरवलं, जसं काय मी त्याला शिळी भाकर वाढली. मशीनबी वेगळं. चोरायचंच असतं, तर चाचांचं डोकं चोरलं असतं."

बाईंना हे पटलं. एकाच्या घरचं दुसऱ्याच्या घरी चालवायला काय यातायात पडते, ते त्यांच्याइतकं राहुरीत कुणाला ठाऊक होतं?

"स्नेहल कशाला आली होती?"

"निळ्या रिळाला. पदरचे पैशे दिले पोरीनं. म्हनली, कुनाला सांगू नका. तुमी काय परक्या हाय का? म्हनून सांगतो." मग त्याचा चेहरा जरा उतरला. "बाई, चाचा माझ्यावर रागावलेत का? धंद्यात असूंद्या स्पर्धा, पन त्यांच्या हाताखाली शिकलोय मी. हल्ली समोरून जातात, मी हात करतो, तर बघतसुद्धा न्हाईत. परवा तर मी पुढ्यात जाऊन उभा राहिलो. बाजूनं निघून गेले. मग मी 'सलाम, उस्ताद' म्हनलो, तर असे दचकले! अन् लगेच पाठीवर हात ठेवून विचारायला लागले, कसा हाय बाबा म्हनून. राग असता तर हात ठेवला असता का? मला काय समजंना."

बाईंना थोडंथोडं समजायला लागलं होतं. आणि जे समजत होतं ते त्यांना नको होतं.

५

"या बाई. डाव्या चपलेचा पट्टा तुटायला आलाय तुमच्या."

बाई अजून उंबऱ्याबाहेरच होत्या. त्यांनी खाली पाहिलं. पट्टा खरंच शेवटच्या टाक्यावर लटकत होता आणि पावलागणिक फटफट वाजत होता.

अल्मास घरात गेली होती. चाचा उठले, मागे न बघता हात केला, आणि स्टूल बरोबर हाताखाली आलं. ते त्यांनी बाईंपुढे सरकवलं. किटली उचलली, पेल्याच्या काठावर बोट ठेवलं आणि चहा बोटाला लागेपर्यंत ओतला. थेंबही सांडला नाही. नाकावर नवा चष्मा होता. एका काचेवर, अगदी मधोमध, सुताचा तुकडा चिकटला होता. तो चाचांना खुपत नव्हता.

"स्नेहल चोर न्हाई, बाई."

"मग कोण आहे?"

"चोरच न्हाई कुनी. फैयाजकडनं किल्ली घेऊन द्या. घटकाभरात फाईल हजर करतो."

"कुठे आहे ते सांगा. मी आणते."

चाचा हसले. ओशाळे हसू. "ते बसल्याबिगर न्हाई सांगता यायचं."

"चाचा, संध्याकाळी त्या पोरीला घरी पाठवणार आहेत."

चाचांच्या हातातला पेला थांबला. ते काहीतरी बोलणार होते, एवढ्यात फैयाज आत आला आणि त्यांनी ओठ मिटले.

बाई पुन्हा टेपांखालून आत शिरल्या. त्यांच्या क्लासचा पहिला धडा नेहमी एकच असे. डोळे समोर. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात, ते बोटांना घर दाखवतात. बघायची गरज नाही.

त्यांनी डोळे मिटून की-बोर्डवरून हात फिरवला. फुंकरीनं न उडालेल्या टिकल्या बोटांना लागल्या. पडलेली टिकली कुठेही पडते. या मात्र मोजक्याच बटणांवर होत्या, मधोमध, डिंकानं पक्क्या बसवलेल्या. सेव्ह करायच्या बटणावर. चूक मागे घ्यायच्या बटणावर. आणि चित्र मोठं करायच्या बटणावर.

न बघता काम करणाऱ्या माणसानं स्वतःसाठी उंचवटे केले होते.

पण मग त्यानं काम केलं कुठे? 'कारखाना' खात्यात तर अंतरपाट नव्हता. बाई पडद्याकडे बघत बसल्या आणि एकदम त्यांनी कपाळावर हात मारला.

दोन खोल्या!

कॉम्प्युटर मांडताना त्यांनी दोन खाती केली होती. एक 'कारखाना', आणि दुसरं 'शिकाऊ'. नव्या पोरींनी त्यात गिरवावं, खऱ्या कामाला धक्का लागू नये म्हणून. आणि दुभाषा प्रत्येक खात्यात आपली वेगळी खोली मांडतो. वेगळा कप्पा, वेगळा सी ड्राइव्ह. या खोलीतलं त्या खोलीत दिसत नाही. स्नेहल तयार झाल्यापासून 'शिकाऊ' कुणी उघडलं नव्हतं, आणि स्वतःच बांधलेली खोली बाई स्वतःच विसरून गेल्या होत्या. दुसऱ्याला विसराळू म्हणायची आता सोय राहिली नव्हती.

"फैयाज," त्यांनी हाक मारली. "टेपा सोड. सगळ्यांना आत बोलव."

६

खोली लहान, माणसं फार. छबूबाईंनी खुर्ची सोबतच आणली. अल्मास दाराशी उभी राहिली, स्नेहल तिच्यामागे. चाचा भिंतीला हात लावत कोपऱ्यात येऊन थांबले.

बाईंनी 'शिकाऊ'वर टिचकी मारली.

पडदा उजळला आणि फैयाज चक्क मागे सरला. अक्षरं हाताएवढी. माउसचा बाण समोशाएवढा. दोन चित्रांतच पडदा भरून गेलेला. बाईंनी प्रोग्रॅम उघडला, त्याच्या सी ड्राइव्हमध्ये शिरल्या, आणि समोर अंतरपाट उलगडला. एका बाजूनं धरणाचं पाणी लाटालाटांनी येत होतं, दुसऱ्या बाजूनं ऊस वाऱ्यानं वाकला होता, आणि मधल्या पाटाच्या दोन्ही काठांवर दोन नावं. पाणी तेवढं जांभळं होतं.

"आगं बया!" छबूबाई उभ्याच राहिल्या. "धरन भरलंय की वो! पानी जरा जांभळं दिसतंय, पन असूंद्या, सांजच्याला दिसतंय तसं."

"पाणी निळं भरायचंय," स्नेहल पटकन म्हणाली. "निळं रीळ लावलंय मी."

सगळे हसले. हसू ओसरल्यावर फैयाज तिच्याकडे वळला. "म्हंजे हितं लपवली हुती. शिकाऊ म्हंजे तूच. दुसरं कोन हुतं शिकाऊ?"

"थांब," बाई म्हणाल्या. "ही पोरगी डोळे मिटून टाइप करते. तिला बटणांवर टिकल्या कशाला लागतील? हाताएवढी अक्षरं कशाला? आणि जांभळं रीळ लावायला दिलं कुणी, निळं पदरच्या पैशानं आणलं कुणी? हा अंतरपाट इथे लपवला नाही कुणी. इथेच काढलाय. दुपारी, सगळे जेवायला बसल्यावर. आज संध्याकाळपर्यंत तो पेनड्राइव्हनं 'कारखान्यात' जाऊन बसला असता आणि कुणाला पत्ता लागला नसता. पण छबूबाई एक दिवस आधी आल्या, आणि तू दाराला टेपा बांधल्यास."

अल्मास पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. प्रत्येकजण फरशीकडे बघत होता. बाईंनी ओळखलं, इथे कुणालाच काही नवीन कळलेलं नाही. नाव घेणं सोपं होतं. पण ते घेण्याचा हक्क त्यांचा नव्हता.

"मीच केलं," स्नेहल एकदम म्हणाली. "मोठी अक्षरंबी मीच केली. डोळे दुखतात माझे. न विचारता बसले कॉम्प्युटरवर, म्हणून बोलले नाही. जाते मी."

ते खोटं आहे हे फैयाजला कळलं. सगळ्यांनाच कळलं. पण ते खोटं इतकं सोयीचं होतं, की क्षणभर सगळे त्याला टेकून उभे राहिले.

"मंग उद्यापास्नं..." फैयाज म्हणाला आणि वाक्य तिथंच सोडून खिशातली किल्ली चाचपायला लागला.

बाई उठल्या. दाराच्या फळीवरचा कागद त्यांनी सोडवला. बाहेर जाऊन काउंटरच्या काचेखालचा काढला, रिळांच्या मांडणीवरचा सोडला. तिन्ही आणून की-बोर्डवर ठेवले.

"नेत्रशिबिराचे कागद. दारावरचा कुणी लावला?"

"मी," फैयाज पुटपुटला.

"काचेखालचा?"

"मी ठेवला, बाई," अल्मास म्हणाली. "म्हटलं, येताजाता नजर पडंल."

"रिळांवरचा स्नेहलचा. तिघांनी एकच कागद तीन जागी लावला आणि एकमेकांना विचारलं नाही. एकजण स्टूल जागेवरून हलू देत नाही, एकजण रिळं बदलते. दुभाषे बसवणारी या गावात मीच एक आहे असं मला वाटत होतं. इथे तर घरभर दुभाषे आहेत."

छबूबाईसुद्धा बोलल्या नाहीत, यावरून काय ते समजावं.

कोपऱ्यातून महमूदचाचा पुढे आले. त्यांनी हात पुढे केला, चाचपडत स्नेहलचं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला.

"पोरीवर आळ नको रे. शिकाऊ मीच हाय. म्हातारपनी गुपचूप शिकत हुतो, मोठ्या अक्षरात." मग ते फैयाजच्या दिशेला वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, लपाछपीत शेवटी सापडलेल्या पोराचं. "आन् काय रे येड्यांनो, कागद लावताय व्हय माझ्यासाठी? तीन तीन? वाचनार कसा मी? मला दिसत न्हाई."